प्रवासी फणस आणि सातपुड्याचे परस

नंदुरबार जिल्ह्याचे नाव काढले की प्रथम डोळ्यांपुढे येतात त्या लाल मिरचीच्या पथाऱ्या. हंगाम सुरू झाला की शहराभोवतालच्या मोकळ्या जमिनींवर मिरची वाळत पडते आणि वाऱ्याची एखादी झुळूक आली तरी वाटसरूला ठसका लागतो. त्यापाठोपाठ आठवते ते धडगावचे आमचूर, नवापूरची तूरडाळ, शहाद्याकडची पपई आणि तोरणमाळच्या उतारांवरची सीताफळे. या यादीत अननस कोठेच नाही. बाजारात तो दिसतो, परंतु तो दूरच्या मुलखातून मालमोटारीने आलेला असतो.

असे असूनही अननसाचा इतिहास सांगताना आम्ही मुद्दाम नंदुरबारची वाट धरली आहे. मिरची, पपई आणि सीताफळ ही तिन्ही मुळात अमेरिका खंडातील, अननसही तिकडचाच. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सागरी वाटा खुल्या झाल्या तेव्हा ही मंडळी निघाली आणि युरोपीय गलबतांच्या आश्रयाने पूर्वेकडे आली. त्यांतील तिघे सातपुड्यात असे रुळले की ते परके होते हे सांगूनही कोणाला खरे वाटू नये. चौथा मात्र दाराशी येऊन पाहुणाच राहिला. असे का व्हावे? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर राजेरजवाड्यांच्या आज्ञापत्रांत सापडत नाही. ते अननसाच्या झाडाच्या घडणीत आणि माणसांच्या परसात सापडते.

अननसाचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत. तेथील आदिवासी जमातींनी रानातल्या लहान, आंबट, बियाळ फळांतून पिढ्यानपिढ्या निवड करीत आजचे रसाळ, बीजहीन फळ घडविले. युरोपची माणसे तेथे पोहोचण्यापूर्वीच त्यांनी ते नद्यांच्या वाटेने आणि होड्यांतून कॅरिबियन बेटांपर्यंत नेले होते. नोव्हेंबर १४९३ मध्ये, आपल्या दुसऱ्या सफरीत, कोलंबस ग्वादेलूप बेटावर उतरला, तेव्हा त्याच्या माणसांना हे फळ प्रथम दिसले. ते पाइन वृक्षाच्या शंकूसारखे दिसते म्हणून स्पॅनिश लोकांनी त्याला 'पीन्या' म्हटले. इंग्रजांचे 'पाइनॲपल' त्याच कल्पनेतून आले. पोर्तुगीजांनी मात्र ब्राझीलच्या तुपी लोकांच्या तोंडचा 'नाना' हा शब्दच उचलला आणि त्याचे 'अनानाश' केले. मराठीतील 'अननस' तो हाच. सातासमुद्रांपलीकडच्या एका वनवासी जमातीचा शब्द आपण रोजच्या बोलण्यात वापरतो, याचे भान आपल्याला क्वचितच असते.

हे फळ युरोपात पोहोचविणे सोपे नव्हते. महिनोन्महिने चालणाऱ्या सफरीत बहुतेक फळे वाटेतच कुजत. स्पेनचा सम्राट पाचवा चार्ल्स याच्यापुढे एक अननस ठेवण्यात आला, तेव्हा त्याने त्याच्या सुगंधाची वाखाणणी केली, पण चव घेण्यास नकार दिला, अशी हकिकत येशूसंघीय धर्मगुरू होसे दि आकोस्ता यांनी १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. ज्याच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याला त्याच साम्राज्यातले फळ तोंडात घालण्याचा धीर झाला नाही. जे सम्राटाने नाकारले ते पुढे गोव्यातील सामान्य माणसाने परसात लावले.

फळ कुजे, पण झाड टिके, हे या कथेचे मर्म होय. अननसाच्या शेंड्यावर जो पानांचा तुरा असतो, तो कापून ठेवला तर आठवडेच्या आठवडे मातीपाण्यावाचून जिवंत राहतो. या झाडाची पाने जाड आणि मेणचट असतात. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडतात. अननसाची मुख्यतः रात्रीच्या गारव्यात उघडतात आणि त्यामुळे पाणी फार थोडे खर्च होते. मुळाशी येणारे फुटवे आणि फळाच्या देठाशी येणारी पिल्लेही अशीच चिवट. गलबतावरच्या खाऱ्या वाऱ्यात नाजूक रोपे मरून जात असता अननसाचा तुरा एखाद्या कोपऱ्यात पडून राहत असे आणि किनारा लागला की मातीत रुजत असे. पोर्तुगीज काब्राल १५०० साली प्रथम ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला आणि त्याच सफरीत पुढे कालिकतला आला. पुढच्या दशकांत ब्राझील आणि गोवे ही एकाच राजसत्तेची दोन टोके झाली आणि अननसाला वाट मोकळी झाली.

गोव्यातील अननसाविषयीची एक मोलाची साक्ष यान हायखेन व्हान लिन्सखोटेन या डच गृहस्थाची आहे. तो १५८३ पासून काही वर्षे गोव्याचे महागुरुस्वामी व्हिसेन्ते दा फोन्सेका यांच्या सेवेत लेखनिक होता. १५९६ साली त्याचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो की हे फळ मूळचे हिंदुस्थानचे नव्हे, पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणले. आरंभी नवलाईमुळे एकेका फळाला एक परदांव, कधी त्याहूनही अधिक किंमत पडत असे. परंतु आता या देशात त्याची इतकी पैदास झाली आहे की ते अगदी स्वस्त मिळते. या नोंदीचे महत्त्व आम्हाला फार वाटते. नाण्याच्या मोलाने विकले जाणारे फळ काही दशकांत स्वस्त झाले, ते कोणा सरदाराच्या कृपेने नव्हे. ज्याने फळ विकत घेतले त्याला त्याच्या डोक्यावरचा तुरा फुकट मिळाला. तो मातीत खोवला की पुढचे फळ घरचे. देठाची चार पिल्ले निघाली की चार शेजारी तृप्त. अननस विकणारा आपला धंदा आपल्याच हाताने गिऱ्हाइकाला देऊन टाकतो, असे हे विलक्षण फळ आहे.

किनाऱ्यावरून ते उत्तरेत मोगलांच्या मुलखात गेले. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त त्याची नोंद आहे आणि तिथे त्याला एक सुंदर नाव दिले आहे: 'कटहल-इ-सफरी', म्हणजे प्रवासी फणस. कोवळे रोप भांड्यात लावून प्रवासात बरोबर नेले तरी ते फळ देते, म्हणून हे नाव, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. आज शहरातील माणूस गच्चीवरच्या कुंडीत अननस लावतो तेव्हा त्याला ती नवी युक्ती वाटते. परंतु अकबराच्या छावणीत ती चारशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती. त्याच ग्रंथातील भावांच्या यादीत एका अननसाची किंमत चार दाम, तर एका दामाला दोन फणस असे दर आहेत. म्हणजे एका प्रवासी फणसाच्या मोलात देशी फणस आठ येत. पुढे जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांत होते, त्याचा सुवास अतिशय आहे, आणि आग्र्याच्या गुलअफशान बागेत दर वर्षी ती हजारोंनी पिकतात.

याच काळातील आणखी एक साक्षीदार आपल्या प्रदेशाच्या अगदी जवळचा आहे. इंग्रज वकील सर टॉमस रो याच्यासमवेत एडवर्ड टेरी नावाचा धर्मोपदेशक होता. १६१७ साली जहांगीरचा मुक्काम मांडवगडास होता, तेव्हा टेरीही तेथे होता. मांडवगड म्हणजे नर्मदेच्या पलीकडचा डोंगर. अलीकडे सातपुडा आणि त्याच्या कुशीत आजचा नंदुरबार जिल्हा. टेरीने अननसाच्या चवीचे वर्णन करताना स्ट्रॉबेरी, तांबडा द्राक्षारस, गुलाबपाणी आणि साखर यांचे मिश्रण कल्पिले आहे. घरापासून हजारो कोस दूर असलेल्या त्या माणसाला नव्या फळाची ओळख पटविण्यासाठी आपल्या गावच्या चारही गोड वस्तू एकत्र कराव्या लागल्या.

आता नंदुरबारकडे वळू. सुरत बंदरातून आग्र्याकडे जाणारा एक प्रमुख मार्ग नवापूर, नंदुरबार, बुऱ्हाणपूर असा जात होता. त्या काळात हे काही आडरान नव्हते. 'ऐन-इ-अकबरी'त नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे जिल्ह्याचे, ठिकाण आहे. १६१० साली या वाटेने गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याला येथे पुष्कळ कबरी, विलासगृहे, एक किल्ला आणि चांगले तळे दिसले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने नवापूरच्या तांदळाची फार स्तुती केली आहे: दाणा लहान, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा, आणि वास कस्तुरीचा. अशा या समृद्ध राजमार्गाच्या एका टोकाला फिरंग्यांची दमण आणि वसई ही ठाणी, तर दुसऱ्या टोकाला हजारो अननस पिकविणारी बादशाही बाग होती. मधल्या खानदेशात मात्र अननसाने घर केले नाही.

याचे पहिले कारण बीज. मिरची घ्या. एका वाळलेल्या मिरचीत कितीतरी बिया. बैलगाडीच्या पोत्यातून सांडल्या तरी रुजाव्यात. पपईचेही तसेच. लिन्सखोटेनच्याच म्हणण्याप्रमाणे ती स्पॅनिश मुलखातून फिलिपाइन्स आणि मलाक्कामार्गे हिंदुस्थानात आली. उकिरड्यावर फेकलेल्या बियांतून पपई उगवते, हे कोणाही गृहिणीला ठाऊक आहे. सीताफळ तर माणसाचीही वाट पाहत नाही. पाखरे आणि वानरे ते खातात, बिया खडकाच्या फटीत पडतात आणि पावसाबरोबर झुडूप वर येते. म्हणूनच तोरणमाळच्या वाटेवर, जेथे कोणी कुदळ मारली नाही तेथेही सीताफळे आहेत. भरहूतच्या प्राचीन शिल्पांत अलेक्झांडर कनिंगहॅम यांना सीताफळ दिसले आणि त्यावरून या फळाच्या मूळ देशाविषयी वाद रंगला. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्याचे मूळ अमेरिकेतच मानतात. लोकांनी वाद घातला नाही. त्यांनी त्याला सीतामाईचे नाव दिले आणि ते आपले करून टाकले. मिरचीलाही आपल्या जुन्या मिरीचेच नाव मिळाले.

अननसाला बी जवळजवळ नसतेच. एकाच जातीची झाडे एकमेकांना फलित करीत नाहीत आणि फळ बियांवाचून भरते. पाखराने अननस खाल्ला तरी त्यातून काही उगवणार नाही. तो वाऱ्याने जात नाही, पाण्याने जात नाही, पोत्यातून सांडून जात नाही. कोणीतरी फुटवा खणून काढावा, दुसऱ्याच्या हातात ठेवावा आणि त्या दुसऱ्याने तो लावावा, तेव्हाच अननस एका गावाहून दुसऱ्या गावी जातो. मिरचीचा प्रसार बाजाराने केला, सीताफळाचा पाखरांनी. अननसाचा प्रसार मात्र ओळखीने होतो. जेथे घराला घर लागलेले आणि परसाला परस भिडलेले, तेथे तो भराभर पसरतो. गोव्यात आणि दक्षिण कोकणात गडग्याच्या कडेने, नारळी-पोफळीच्या छायेत त्याच्या रांगा लागल्या त्या यामुळे. ज्या राजमार्गावरून केवळ तांडे आणि फौजा जातात, तेथे फुटवा देणारा आणि घेणारा यांची गाठ कशी पडावी?

दुसरे कारण मातीचे आणि हवेचे. अननसाला निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी जमीन मानवते. कोकणची तांबडी जांभ्याची माती त्याला आईच्या मांडीसारखी. खानदेशची काळी कसदार जमीन कापसाला सोने पिकवून देते, पण ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, आणि अननसाची उथळ मुळे त्या चिखलात कुजतात. शिवाय उन्हाळ्यात येथे पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो. अशा उन्हात उघड्या शेतातील अननसाची पाने करपतात आणि फळाच्या एका बाजूला चट्टा पडतो. म्हणजे खानदेशात अननस शेतात येणार नाही. आला तर तो घराच्या आडोशालाच येईल.

युरोपातही तो आडोशालाच आला, पण तो आडोसा फार महागाचा होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून हॉलंड आणि इंग्लंडमधील धनिकांनी काचगृहे बांधून, शेगड्या पेटवून अननस पिकविले. एकेका फळापायी इतका खर्च येई की मेजवानीत शोभेसाठी अननस भाड्याने आणण्याची प्रथा इंग्लंडात पडली. १८१९ साली फ्रेंच वनस्पतिज्ञ पेरोते याने फ्रेंच गयानातून 'केयेन' जातीची रोपे फ्रान्सला आणली. पुढे ती लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोहोचली आणि तेथून जगभर गेली. आपल्याकडे 'क्यू' म्हणून ओळखला जाणारा मोठ्या फळाचा, जवळजवळ बिनकाट्याच्या पानांचा अननस तो हाच. विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई बेटांवर जेम्स डोल याने तो डब्यात भरला आणि श्रीमंतांचे फळ कारखान्याचे झाले. आज आपल्या देशात आसाम, त्रिपुरा, पश्चिम बंगाल आणि केरळ येथे त्याची मोठी लागवड होते. त्रिपुराचा 'क्वीन' आणि केरळातील वाळकुळमचा अननस यांना भौगोलिक मानांकनही लाभले आहे. मळे वाढले, तसे परसातल्या चार रोपांचे कौतुक ओसरले.

आमच्या वाचकांपैकी ज्यांची घरे नंदुरबार, नवापूर, तळोदे या भागांत किंवा खानदेशात अन्यत्र आहेत, त्यांनी हे कौतुक पुन्हा करून पाहावे, असे आम्हाला सुचवावेसे वाटते. आंब्याच्या किंवा शेवग्याच्या विरळ छायेत, दुपारचे ऊन टळेल अशी जागा निवडावी. काळी माती असेल तर तिच्यावर वीतभर उंचीचा गादीवाफा करावा आणि त्यात मुरूम, तांबडी माती, कुजलेले शेणखत व पालापाचोळा मिसळावा. लावणी पावसाळ्याच्या आरंभी करावी. फुटवा किंवा तुरा आधी चार-आठ दिवस सावलीत सुकू द्यावा, म्हणजे जखम भरते आणि तो कुजत नाही. बाजारातील फळाचा तुरा पिळून काढावा, बुडाची दोन-चार पाने सोलावी आणि बोटभर खोल लावावा. पानांच्या मधल्या पोकळीत माती जाऊ देऊ नये. दोन रोपांत हातभर अंतर असावे, कारण पाने पसरतात आणि बऱ्याच जातींत ती काटेरी असतात. लहान मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ती नकोत. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी थोडे पाणी पुरते. भांडी विसळलेले बिनसाबणाचे पाणीही चालते.

धीर मात्र लागतो. फुटवा लावला तर सुमारे दीड वर्षाने आणि तुरा लावला तर दोन वर्षांनी फळ येते. झाड भरदार होऊनही फुलावर येत नसेल, तर त्यावरही एक जुना उपाय आहे आणि त्याचा उगमही पोर्तुगीजांच्याच एका बेटावर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अझोर्स द्वीपसमूहातील साव मिगेल बेटावर काचगृहांतून अननस लावीत. तेथे धूर कोंडला असता सगळी झाडे एकदम फुलावर आली, असे आढळले. धुरातील इथिलीन वायूचा हा गुण असल्याचे पुढे विज्ञानाने दाखविले. पिकणाऱ्या केळ्यांतूनही तोच वायू निघतो. म्हणून पूर्ण वाढलेल्या झाडाशेजारी दोन-तीन पिकली केळी ठेवून ते सर्व आठवडाभर पिशवीने सैल झाकावे. दीड-दोन महिन्यांत मधोमध लालसर कोंब दिसू लागतो. फुलापासून फळ पिकेपर्यंत आणखी पाच-सहा महिने जातात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि नंदुरबारच्या संदर्भात तो अधिकच टोकदार होतो. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील दर शंभर माणसांपैकी सुमारे एकोणसत्तर अनुसूचित जमातींची आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात येथील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. ज्या मुलखातून मिरची, पपई, तूर आणि आमचूर गाड्या भरभरून बाहेर जाते, त्याच मुलखात ताटातले अन्न अपुरे पडावे, ही गोष्ट आपल्या सर्वांना विचार करायला लावणारी आहे. शेतातले पीक बाजाराचे असते; त्याचा पैसा कर्जाला, खताला, औषधाला जातो. परसात पिकते ते मात्र बहुधा घरच्या चुलीपर्यंत पोहोचते. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने २०२० साली 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम हाती घेतली ती याच विचाराने.

आम्हाला अतिशयोक्ती करावयाची नाही. अननसाने कुपोषण हटत नाही. परसात पहिली जागा शेवग्याची, दुसरी पपईची. मग वाल, भोपळा, पालेभाज्या. बालकाला डाळ, अंडे, दूध हवे ते हवेच. अननसात क जीवनसत्त्व असते आणि डाळी-पालेभाज्यांतील लोह शरीरात मुरण्यास ते साहाय्य करते, एवढा त्याचा आरोग्यास उपयोग सांगता येईल. तेव्हा त्याला परसाचा शेवटचा कोपरा द्यावा. पण तो कोपरा द्यावा खरा. गरिबाच्या घरी फक्त पोटाला लागेल तेच पिकावे, गोडीचे आणि कौतुकाचे काही पिकू नये, असा नियम कोणी केला? जे फळ बादशहाच्या बागेत होते ते पाड्यावरच्या एखाद्या मुलीच्या हाताने लावले जावे आणि तिनेच ते दोन वर्षांनी कापून भावंडांत वाटावे, यात काही वावगे नाही.

परस म्हणजे काय, हे ज्यांचे परस गेले त्यांना विचारावे. सरदार सरोवराच्या जलाशयाची झळ नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या तेहेतीस गावांना बसली. तेथील कुटुंबांपैकी अनेकांचे पुनर्वसन तळोदे आणि शहादे तालुक्यांच्या सपाटीवर झाले. घर उचलून नेता येते. कौले, वासे, भांडीकुंडी गाडीत भरता येतात. परंतु मोहाचे झाड उचलता येत नाही, आजोबांनी लावलेला आंबा उचलता येत नाही. नव्या वसाहतीतील चौकोनी भूखंडावर पहिल्या दिवशी सावली नसते. सावली आणि परस हे दोन्ही वर्षांच्या मेहनतीने उभे करावे लागतात, आणि त्याची भरपाई कोणत्याही तक्त्यात नेमकी बसत नाही. अशा वेळी जी झाडे हातातून नेता येतात, एका घरून दुसऱ्या घरी देता येतात, त्यांचे मोल कळते.

अननसाचे झाड एकदाच फळते. फळ काढले की मूळ झाड हळूहळू पिवळे पडून मरते, पण मरण्यापूर्वी बुडाशी फुटवे ठेवून जाते. त्यांतला एक जागेवर राखला की पुढच्या फळाची सोय होते. उरलेले देण्यासाठीच असतात. हे फुटवे म्हणजे नवे झाड नव्हे, त्याच देहाचा अंश होय. तुपी स्त्री-पुरुषांनी आपल्या वस्तीजवळ जे निवडून राखले, त्याची ही अखंड साखळी आहे आणि तिची प्रत्येक कडी कोणाच्या तरी देण्याने जोडलेली आहे. ती एकदा जरी तुटली असती, तरी हे बीजहीन फळ आपल्यापर्यंत पोहोचले नसते.

वाचकहो, वसईच्या वाडीत, सावंतवाडीच्या परड्यात किंवा गोव्यातील एखाद्या नातलगाच्या घरी अननसाचे बेट असेल, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्याचे दोन फुटवे मागून घ्यावेत. खानदेशाकडे कोणी नातेवाईक, धर्मगुरू वा शिक्षक जात असेल, तर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्यासोबत पाठवावेत. आठ दिवसांच्या प्रवासाने त्यांचे काही बिघडत नाही. याहून पुष्कळ लांबची मजल त्यांच्या पूर्वजांनी मारली आहे. चारशे वर्षांपूर्वी जो नंदुरबारच्या वेशीवरून आग्र्याला निघून गेला, त्या प्रवासी फणसाला सातपुड्याच्या परसात बोलावण्याचे काम आता आपल्यासारख्या घरांनी करावयाचे आहे.